तेवढं एक वाक्य सोडून

प्रिय एझेल,

बावीस वर्षांत तुला पत्र लिहायची वेळ आली नाही आणि आताही हौस म्हणून लिहीत नाहीये. फोन तू माझा उचलत नाहीस. उचललास तरी "हां, हां, बरं" करून ठेवून देतोस. म्हणून काल तुमच्या बोट कंपनीच्या ऑफिसात जाऊन आले. तिथली पोरगी म्हणाली, मंगळवारी तुमची बोट मेम्फिसला माणसं बदलायला लागते, टपाल तेव्हा चढतं. म्हणजे हे तुझ्या हातात वेळेत पडेल. गुरुवारी तिकडे राजधानीत तुझं नाव पुकारणार आहेत, त्याआधी वाचून काढ. अक्षर तेच आहे, आठवीत शाळा सुटली तेव्हाचं. चुका असतील. जेरीलिनकडून तपासून घेतलं नाही, कारण यात आपल्या पोरीला दाखवण्यासारखं काही नाही.

आधी काम काय ते सांगते, नाहीतर तू मधलं सगळं टाकून शेवटाकडे धावशील, तुझी सवय मला माहीत आहे. आपल्या आमदाराने, बर्डसाँगने, तुझ्या एकट्याच्या नावाचं बिल मांडलंय हे तुला ठाऊकच आहे, अर्जावर तुझी सही बघितली मी. एझेल प्रुइट याला मताचा हक्क परत द्यावा, एवढंच त्यात आहे. दोन्ही सभागृहांत तीनातल्या दोघांनी हो म्हटलं तर नोव्हेंबरात तू मत देशील. नाही म्हटलं किंवा कुणी बिल वरच काढलं नाही, तर संपलं. बर्डसाँग पुढच्या खेपेला उभा राहणार नाही, त्याचे गुडघे गेलेत, आणि नवा येईल त्याला तू कोण नि काय. आता त्या बिलासोबत एक कागद हवा. कायद्यात तसं नाही, पण बर्डसाँग म्हणतो, तिथे बसलेले लोक पहिला प्रश्न हाच विचारतात की ज्या बाईचं वाईट झालं ती काय म्हणते. ती बाई म्हणजे मी. तो कागद तीन आठवडे माझ्या फ्रिजवर लोहचुंबकाखाली लटकत होता आणि मी सही करत नव्हते. जेरीलिनने तुला हे कळवलंच असेल. का करत नव्हते ते तिला माहीत नाही. बर्डसाँग सोडून कुणालाच माहीत नाही.

इकडचं सांगते. तुझ्या आईचं, मदर प्रुइटचं घर मी झाडून बंद केलंय. पाण्याचे नळ थेंब थेंब सोडून ठेवले, थंडीने गोठून पाइप फुटायला नकोत म्हणून. तुझा कुत्रा माझ्याकडे आहे, खातो भरपूर आणि भुंकतो नको तिथे, तुझ्यासारखाच. जानेवारीत तुझ्या आईच्या मयताला मी रडले नाही हे सगळ्यांनी पाहिलं. चर्चच्या बायका बघत होत्या माझ्याकडे, बावीस वर्षं सुनेपण सुटूनही हिने म्हातारीच्या वेण्या घातल्या, नखं कापली, आणि आता डोळ्यांत टिपूस नाही. मला रडायचं होतं. आलं नाही. दात काढल्यावर आपण गाल दाबून बघतो ना, दुखतंय का म्हणून, तसं मी दाबून दाबून बघितलं. काही नाही. मासळीच्या कारखान्यात चोवीस वर्षं बर्फाच्या पाण्यात हात घालून बोटांचं झालंय ते माझं सगळ्याचंच झालंय असं मला वाटतं. सुरी लागली तरी रक्त दिसल्यावर कळतं.

त्या मयताचा छापील कागद जेरीलिनने केला होता, म्हातारीचा हॅट घातलेला फोटो पुढे, मागे सगळ्या नातेवाइकांची नावं. तिने दाखवायला आणला तेव्हा मी फोटो बघितलाच नाही, थेट मागचं पान उलटून नावं वाचली. पोरगी म्हणाली, "ममा, एवढं काय तपासतेस, मी कुणाला विसरले नाही." विसरण्याची भीती नव्हती मला. असल्या कागदावर एक नाव जास्त असू शकतं हे मला जेवढं माहीत आहे तेवढं या राज्यात कुणाला नसेल.

नॅचेझला तुझी क्लोटील मावशी गेली तेव्हाची गोष्ट तू कधी माझ्या तोंडून ऐकली नाहीस. आता ऐक. तू बोटीवर होतास, अठ्ठावीस दिवस पाण्यावर नि चौदा दिवस घरी, आणि त्या चौदातले मला नेहमी नऊच का मिळतात हे विचारायची अक्कल मला आली नव्हती. मदर प्रुइट म्हणाली, माझी बहीण गेली, मला गाडीतून ने. नेलं. दारात एका काकांनी हातपंखा आणि मयताचा छापील कागद हातात दिला. मी वाचते हळू, बोट ठेवून. म्हातारी शेजारी ढसाढसा रडतेय आणि मी वाचतेय, मागे राहिले भाऊ अमुक, बहीण तमुक, लाडका भाचा एझेल आणि त्याची प्रेमळ पत्नी रोझेटा. मी परत वाचलं. मला वाटलं छापणाऱ्याची चूक. माझ्या पुढच्या बाईला मी विचारलं, "ताई, ही रोझेटा कोण हो?" ती म्हणाली, "ती काय पहिल्या बाकावर, जांभळ्या हॅटवाली. फार गुणाची. नवरा बोटीवर असतो बिचारीचा, कधी घरी नसतो." मी म्हटलं, "माझाही बोटीवरच असतो." ती म्हणाली, "अगं बाई, मग तुम्हा दोघींचं जमेल!" एझेल, त्या वेळी मला हसू आलं होतं. खरंच सांगते. मयतात हसले म्हणून तुझ्या आईने मला कोपर मारलं, आणि मी तो कागद तिच्या मांडीवर ठेवला. ती माझ्यापेक्षा भराभर वाचायची. तिचं रडणं नळ बंद केल्यासारखं थांबलं. नंतर जेवणाच्या वेळी रोझेटा स्वतः आमच्या पुढ्यात पालेभाजी नि मक्याची भाकरी वाढून गेली. सासूबाई सासूबाई करत तुझ्या आईच्या गालाचा मुका घेतला. म्हातारी मेणाची झाली होती. तुझ्या मावसभावंडांनी कागद छापताना दोघींतली कुठली लिहायची यावर नक्की खल केला असेल, आणि जी मयताला येणार नाही असं वाटलं तिचं नाव गाळलं. चूक एवढीच झाली की मी आले.

रोझेटावर माझा राग नाही, तेव्हाही फारसा नव्हता. तिलाही तू बोटीचाच हिशेब सांगितलास. तिने पुढे टेक्सासात एका न्हाव्याशी लग्न केलं आणि तो रोज संध्याकाळी सहाला घरी असतो असं ऐकते. बरं झालं तिचं.

मग मी तक्रार केली. तुझ्या सगळ्या गोतावळ्याने मला वाळीत टाकलं, आपल्या माणसाला गोऱ्यांच्या कोर्टात उभं करतेस म्हणून. पाद्री घरी आले, म्हणाले, "सिस्टर लुवेनिया, हा मामला देवापुढे मिटवता येतो." मी म्हटलं, "पाद्रीबाबा, लग्न तुम्हीच लावलं होतंत, दुसऱ्या वेळी देव कुठे होता?" ते लिंबाचं सरबत न पिताच गेले. पुढे काय झालं ते तुझ्या बाजूने तुला माहीत आहे. तुझ्या वकिलाने सांगितलं, गुन्हा कबूल कर, जेल नाही, तीन वर्षं नीट वागायची हमी दे आणि घरी जा. तू कबूल केलंस. तुला वाटलं स्वस्तात सुटलास.

त्यानंतरचा पहिला नोव्हेंबर. तू त्याही वर्षी पाळी बदलून घेतलीस, कारण निवडणुकीच्या दिवशी तू कधी पाण्यावर नसायचास. चर्चची गाडी काढून म्हाताऱ्यांना घरोघरून उचलून आणायचं, हे काम तुझ्याशिवाय कुणी करायचं नाही. बोटीचा वास जाईपर्यंत अंघोळ, पांढरा शर्ट, आणि इस्त्री स्वतः करायचास, मला हात लावू द्यायचा नाहीस. तुझे वडील मतदार म्हणून नाव लावायला कोर्टात गेले तेव्हा तू आईच्या पोटात होतास, आणि दुसऱ्या दिवशी मळ्याच्या मालकाने त्यांचं सामान रस्त्यावर टाकलं, ही गोष्ट तू मला आपल्या पहिल्या भेटीत सांगितलीस. मी तेव्हा वीस वर्षांची होते, मला वाटलं होतं तू माझ्या डोळ्यांबद्दल काहीतरी बोलशील. तर त्या दिवशी आगीच्या बंबाच्या शेडमध्ये रांग होती. तू नि मदर प्रुइट पुढे, मधे सहा माणसं, मग जेरीलिनचा हात धरून मी. आईला तू आत सोडलंस आणि टेबलावर आपलं नाव सांगितलंस. आपल्या चर्चची सिस्टर ओडेल बसली होती मतदारांची वही घेऊन. तिने पान उलटलं. मागे गेली, पुढे आली, बोट वरून खाली फिरवलं. मग उठून तुझ्या कानाशी वाकली. काय बोलली ते मला ऐकू आलं नाही, तुझा मानेमागचा भाग तेवढा दिसत होता, आणि ती मान एकदम म्हाताऱ्या माणसाची झाली. तू मागे वळलास, रांगेच्या बाजूने चालत आलास, माझ्यापाशी थांबलास. मला वाटलं आता शिव्या देईल, सगळ्यांपुढे तमाशा करेल. तू म्हणालास, "रांग मोठी आहे, पोरीला भूक लागली असेल, मी हिला गाडीत घेऊन बसतो." आणि तिला घेऊन गेलास. मी आत जाऊन मत दिलं. कुणाला दिलं ते आजवर आठवलं नाही.

तेव्हापासून तू गाडीतच बसतोस. बावीस वर्षं सगळ्या गावाला दारापर्यंत नेतोस, आणि म्हातारे शर्टाला "मत दिलं"चा बिल्ला लावून येईपर्यंत काच खाली करून बसतोस. तुझी आई दर वेळी विचारायची, "एझेल, तुझं झालं?" आणि तू म्हणायचास, "पहाटेच देऊन आलो, आई." रोझेटाबद्दल खोटं बोलताना तुझा डोळा फडफडायचा, हे खोटं बोलताना मात्र नाही. शेवटच्या महिन्यात म्हातारीने मला विचारलं. मी तिला अंग पुसून बसवत होते. म्हणाली, "तो मत देत नाही ना गं?" मी म्हटलं, "देतो की." तर म्हणाली, "गाडीतून उतरत नाही तो. मी म्हातारी आहे, आंधळी नाही, पहिल्या वर्षापासून ठाऊक आहे मला." मग माझ्या हातावर थोपटलं आणि म्हणाली, "तू मनाला लावून घेऊ नकोस. तुला बिचारीला काय ठाऊक की कोर्टाच्या कागदाने मत जातं. आठवी शिकलेली तू. मी सगळ्यांना तेच सांगते." खरंच सांगायची ती. माझ्यावर कुणी बोट उचललं की पहिली तीच उभी राहायची, पोरीला समजलं नाही, पोरीला कुणी सांगितलं नाही. शिक्षण नसल्याचा मला जन्मात तेवढाच एक फायदा झाला.

फेब्रुवारीत जेरीलिन आणि बर्डसाँग माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसले. बर्डसाँगने माझा अर्धा केक संपवला. पोरीने कायद्याचं पुस्तकच काढलं. म्हणाली, "ममा, ही गुन्ह्यांची यादी अठराशे नव्वदची आहे. आपले काळे लोक कोणते गुन्हे करतात असं त्या लोकांना वाटलं, तेवढे निवडून लिहिले, म्हणजे आपली मतं जातील. चोरी लिहिली, दोन लग्नं लिहिली. खून लिहिलाच नाही! तो कितीतरी वर्षांनी घातला." मी म्हटलं, "म्हणजे त्या काळी तुझ्या बापाने मला ठार मारलं असतं तर मत राहिलं असतं, आणि दुसरी केली तर गेलं?" ती म्हणाली, "हो." मी म्हटलं, "मग मी तुझ्या बापाला महागात पडले की." बर्डसाँगला केकचा ठसका लागला. जेरीलिन हसली नाही. ती म्हणाली, "डेमारियसने शाळेमागे नशेचं विष विकलं, पाच वर्षं आत होता, त्याचा गुन्हा यादीत नाही म्हणून त्याचं मत शाबूत. आणि माझा बाप?" तुझा तो पुतण्या, हो. दर निवडणुकीला तूच त्याला गाडीतून नेतोस.

कारखान्यात कळलं तेव्हा साफ करायच्या टेबलावर दोन दिवस हेच चाललं होतं. ओरा ली म्हणाली, "ज्याला दोन बायकांशी खरं बोलता आलं नाही त्याला राज्य कुणी चालवायचं ते विचारायचं?" विल्मा म्हणाली, "राज्य चालवणारे काय एकीशी खरं बोलतात?" ओरा ली म्हणाली, "कायदा मोडायचा आणि कायदा करणारा निवडायचा, हे म्हणजे कोल्ह्याने कोंबड्यांचा राखणदार नेमायचा." विल्मा म्हणाली, "त्याच्या पगारातून सरकार कापतं ते परत दे म्हणावं मग. बावीस वर्षं घेतात ते चोराचं चालतं का?" मग मुकादम मधे पडला, "मिस लुवेनिया, तुम्ही बोला, यात सगळ्यांत मोठा हक्क तुमचा." मी म्हटलं, "पट्टा चालू कर, मासे कुजतायत." तुला माझं म्हणणं सांगते. मत हे चांगुलपणाचं बक्षीस असतं तर आपल्या चर्चमधल्या निम्म्या बाकांवर कुणाकडे नसतं. तू केलंस ते माझ्याशी केलंस. त्याची भरपाई माझ्याशी व्हायला हवी होती, भांडून, भांडी फोडून, पोटगीने, कशानेही. राज्याचं तू काय घेतलं होतंस? पण हे मला आज कळतंय. आज मला सगळं कळतं, वाटत मात्र काही नाही.

आता तो कागद. जेरीलिनने चांगला लिहिलाय, तिला शाळा झाली त्याचं चीज झालं. मी त्याला माफ केलं आहे, असं पहिलं वाक्य. तो चांगला बाप आहे, तो आईचा चांगला मुलगा होता, तो बावीस वर्षं बोटीवर प्रामाणिकपणे काम करतो. हे सगळं ठीक. माफीचंही चालेल, माफ म्हणजे काय हे मला नीट माहीत नाही, पण तुझ्या घरावर दगड मारावासा वाटत नाही, त्याला माफी म्हणत असतील तर केली. खाली एक वाक्य होतं. "त्या वेळी या शिक्षेमुळे त्याचा मताचा हक्क कायमचा जाईल हे मला माहीत नव्हतं, माहीत असतं तर मी असं होऊ दिलं नसतं." मी म्हटलं, तेवढं एक वाक्य सोडून बाकीच्यावर करते सही. जेरीलिन म्हणाली, "ममा, तेच तर महत्त्वाचं आहे." बर्डसाँगही म्हणाला, "मिस लुवेनिया, बिल त्याच वाक्यावर उभं आहे. अडाणी बाई, तिला कुणी सांगितलं नाही, तिलाही वाईट वाटतं, एवढं ऐकलं की समोरची माणसं विरघळतात." मी तो कागद फ्रिजवर लोहचुंबकाखाली लावला. पोरगी उठली, पिशवी उचलली आणि दारातून म्हणाली, "तुला अजून त्याचा सूडच हवाय. आजी तुझी बाजू घेत मेली." आणि दार आपटून गेली. तीन आठवडे बोलली नाही. तिच्याजागी मी असते तर मीही बोलले नसते.

मागच्या सोमवारी मी एकटीच बर्डसाँगकडे गेले आणि तुला आता जे सांगतेय ते त्याला सांगितलं. त्याने चष्मा काढून पुसला. मग म्हणाला, "हे दुसऱ्या कुणाला सांगितलंय?" मी म्हटलं, नाही. म्हणाला, "मग नका सांगू. हे कागदावर आलं तर ते म्हणतील, बाईने समजून उमजून शिक्षा मागितली होती, ती दिली, आता का फिरवायची? बिल पडेल. दहातल्या आठ वेळा पडेल." मी म्हटलं, "आणि खोटं लिहिलं तर?" म्हणाला, "तर सुटण्याची आशा आहे."

आता लिहिते. कोर्टात मला आधी बोलावलं होतं, तुला बोलावण्याच्या आठवडाभर आधी. सरकारी वकील कोवळा मुलगा होता, बोलायला बरा. त्याने माझ्यापुढे दोन कागद ठेवले आणि हळूहळू वाचून दाखवले, कारण मी म्हटलं मला वाचायला वेळ लागतो. एकात लग्नाशिवाय बाईबरोबर राहिल्याचा लहान गुन्हा होता, दंड भरायचा, मोकळं व्हायचं. दुसऱ्यात दोन लग्नांचा मोठा. तो म्हणाला, तुमची हरकत नसेल तर आम्ही लहानावर मिटवतो, पण अन्याय तुमच्यावर झालाय, तुम्ही सांगा. मग म्हणाला, मोठा घेतला तर जेल बहुतेक होणार नाही, पण या राज्यात त्याला मरेपर्यंत मत देता येणार नाही, हे सांगणं माझं काम आहे. त्याने विचारलं, समजलं का? तुला माहीत आहे, मला समजलेलं असलं तरी मी नाही म्हणते, त्याने माणसं नाद सोडतात. त्या दिवशी मी म्हटलं, समजलं, मोठा. तुझ्या वकिलाने तुला सांगितलं सरकार ऐकत नाही. सरकार ऐकत होतं, एझेल. मी ऐकत नव्हते. तुझं घर घेता आलं असतं, बोटीवरचं काम घालवता आलं असतं, पण मी नि रोझेटा मिळून जेवढ्या तुला प्रिय नव्हतो तेवढा तुला तो एक दिवस प्रिय होता, लग्नाच्या दिवशीही तू शर्ट स्वतः इस्त्री केला नव्हतास. तुझा जीव कुठे ठेवलायस हे मला बरोबर माहीत होतं, म्हणून तेच घेतलं. माफी मागत नाहीये, मागायला आत काहीतरी हलावं लागतं. आता मी बर्डसाँगकडे दोन कागद सही करून दिलेत. एक जेरीलिनचा, त्या वाक्यासकट, जसाच्या तसा. दुसरा माझ्या हातचा, चार ओळींचा, त्यात मला माहीत होतं असं लिहिलंय आणि तरी त्याला मत परत द्या असं लिहिलंय. बर्डसाँगला म्हटलंय, बुधवारी संध्याकाळपर्यंत एझेलचा फोन येईल, तो सांगेल तोच वाच, आणि दुसरा फाड. खोटा सांगितलास तर मी जन्मभर त्या खोट्याच्या मागे उभी राहीन, जेरीलिनसमोरसुद्धा, तुझ्या आईने सांगितलं तसंच सांगत राहीन. खरा सांगितलास आणि बिल पडलं, तर गावात सगळ्यांना कळेल ते कळू दे. आजवर तुझ्या बाबतीत सगळं मी ठरवलं, तुला न विचारता. हे तू ठरव. बर्डसाँगचा नंबर पाकिटाच्या मागे आहे.

तुझीच म्हणायचा हक्क कोर्टात सोडून आले, म्हणून नुसतीच,
लुवेनिया